मिरचीचा कायदा

आमच्या तात्यांच्या पॉलिहाउसात जायचं तर आधी चपला बाहेर काढायच्या. मग जांभळ्या औषधाच्या घमेल्यात पाय बुडवायचे, पहिलं दार लोटून आत जायचं, ते नीट लागलंय का बघायचं आणि मगच दुसरं उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडी दिसली की तात्या असे ओरडतात की काटेवाडीच्या फाट्यावरचा माणूस मागं वळून बघेल. आत लाल-पिवळी ढोबळी मिरची असते. तिला पांढरी माशी चालत नाही आणि तंबाखूवाला माणूस तर अजिबात चालत नाही. तंबाखूच्या हातानं मिरचीला व्हायरस लागतो. म्हणून दाराशी दुधाचं पातेलं ठेवलेलं. मिशरी लावणाऱ्या बायांनी आणि तंबाखू मळणाऱ्या गड्यांनी त्यात हात बुडवायचे, मगच पानाला शिवायचं. तात्या हे बारामतीत एका शेतकरी प्रशिक्षणात शिकून आले आणि तेव्हापासून देवाचं सोवळं मागं पडलं, मिरचीचं पुढं आलं.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सूरज पहिल्यांदा प्लॉट बघायला आला. तात्यांनी त्याला दारातच अडवलं. "जावईबापू, तंबाखू खाता?"

सूरजनं घाबरून नकाराची मान हलवली.

"मग या आत."

आपल्या चारित्र्याची परीक्षा झाली, असं सूरजला अजून वाटतं. मीही त्याला काही सांगितलेलं नाही.

तर अशा तात्यांच्या घरात अविराज आजारी पडला. अविराज माझा धाकटा भाऊ. रक्ताचा कॅन्सर निघाला, पुण्याच्या दवाखान्यात त्याच्या हाडांतली बिघडलेली मज्जा औषधांनी रिकामी केली आणि माझ्या रक्तातल्या मूळपेशी त्याला दिल्या. पेशी रुजल्या. पण रुजल्यावर त्यांना ते घर परकं वाटायला लागलं आणि त्या त्याच्याच कातडीशी, तोंडाशी, आतड्याशी भांडायला लागल्या. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. अविराज 'ताईचा स्वभाव' म्हणतो.

"ल्हानपणी भायेरनं मारायचीस," तो मला फोनवर म्हणायचा, "आता आत शिरून मारतीस व्हय?"

"तवा लपवलेला टीव्हीचा रिमोट दे, मग सोडतील त्या."

भांडण थांबावं म्हणून त्याला स्टेरॉईड आणि आणखी दोन जातीच्या गोळ्या चालू केल्या. त्यानं माझ्या पेशी जरा निवल्या. पण शरीराची राखण करणाऱ्याही त्याच ना. राखणदारालाच गुंगीचं औषध दिल्यावर रानात कुणीही शिरावं, तशातली गत. घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवून बजावलं, की साधी सर्दीसुद्धा याला महागात पडेल, भेटायला गर्दी नको, आणि लहान मुलांना तर लांबच ठेवा. हे शेवटचं म्हणताना त्यांनी माझ्या ओढणीकडं बघितलं. ओढणीवर माझ्या पोराच्या, समरच्या, शेंबडाचा वाळलेला डाग होता.

घरी आल्यावर तात्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पॉलिहाउसची उरलेली जाळी आणून त्यांनी अविराजच्या खोलीपुढची पडवी बंद केली. तिला एकामागं एक दोन दारं केली. दाराशी जांभळ्या पाण्याचं घमेलं आलं. आणि घमेल्याशेजारी, स्टुलावर, दुधाचं पातेलं.

पहिल्यांदा सापडल्या सुप्याच्या रंगूआत्या. तात्यांची थोरली बहीण. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडल्यासारखंच, आणि आत्या तर नातं जोडायला पिशवीभर शेंगा घेऊन निघालेल्या.

"हात बुडव," तात्या म्हणाले.

"कशात?"

"दुधात. मिशरी लावतीस तू."

"कुंडलिका, मी भाच्याला बघाया आलीया. तुजी मिरची तोडाया न्हाय!"

"बुडव म्हणतो ना. न्हायतर हितनंच बघ."

आत्यांनी हात बुडवले. मग ओल्या हातांनी जाळीपुढं उभ्या राहून रडल्या, आणि डोळे पुसताना सगळं दूध तोंडाला लागलं. आतून अविराज म्हणाला, "आत्या, साय राहिली बघा गालावर." आत्या रडता रडता हसल्या आणि मग हसल्याबद्दल पुन्हा रडल्या.

ही दुधाची गोष्ट डॉक्टर मॅडमना व्हिडिओ कॉलवर कळली. त्यांना आधी काही समजेनाच. समजल्यावर त्या स्क्रीनच्या बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण ते रडण्यानं नव्हतं. "काका," त्या म्हणाल्या, "दूध तुमच्या मिरचीसाठी ठेवा. माणसांना साबण. बाकी जाळी, दारं, सगळं उत्तम आहे. असा पेशंटचा बाप मला दुसरा मिळायचा नाही."

तात्यांना पहिल्या दोन वाक्यांचा राग आला आणि शेवटच्या वाक्याचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर साबण आला. पातेलं मिरचीकडं परत गेलं.

आता समरचं सांगते, कारण सगळा घोळ त्याच्या डोक्यावरून झाला. अगदी डोक्यावरूनच. माझ्या पोराचं जावळ राहिलं होतं. पहिल्या वर्षी काढायचं, तर मामाला ताप येत होता आणि तो कसला ताप हे कळायच्या आत आम्ही पुण्यात होतो. आता तिसरं चालू होतं. आमच्याकडं जावळ पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी काढतात, पोराला मामाच्या मांडीवर बसवून. तोवर केसाला कात्री लागत नाही. समरचे केस खांद्यावर आले होते. बारामतीच्या एसटीत बायका त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "कित्ती ग्वाड पोरगी!" आणि हा त्यांचं बिस्कीट घेऊन गप्प बसायचा. बिस्कीट मिळेपर्यंत त्याला कुठलीच तक्रार नसायची.

मामाभाचे भेटायचे ते जाळीतून. मामाचे केस औषधांनी गेलेले, तोंड स्टेरॉईडनं भाकरीसारखं फुगलेलं.

"ए झिपऱ्या!"

"ए टकल्या मामा!"

"माझे केस तुला कुणी दिले रं?"

समर दोन्ही हातांनी केस धरून पळायचा. हे पाच-सहा वेळा झाल्याशिवाय त्याला घरी न्यायची सोय नव्हती.

सासूबाईंचा जीव मात्र त्या केसांत अडकला होता. सारजाबाई म्हणजे आमच्या कळंबच्या गल्लीचं चालतं-बोलतं पंचांग. "निकिता, तिसरं संपायच्या आत झालं पायजे. मामा न्हाय तर चुलत मामा बसंल."

"आई, मी पेशींसाठी इंजेक्शनं घेऊन, हाडं दुखवून मामा वाचवलाय, आणि मांडी दुसऱ्याची?"

मग त्यांनी वेगळीच शंका काढली. "पण तू म्हणतीस की त्याचा रक्तगट बी आता तुजा झालाय. मग त्यो मामा राहिला, का मावशी झाला?"

हे मी अविराजला कळवलं. त्यानं त्या दिवसापासून फोन उचलला की "मावशी बोलतेय" म्हणायला सुरुवात केली.

पावसाळा संपता संपता एका तपासणीत गडबड निघाली. त्याचं रक्त बारामतीतून पुण्याला जायचं आणि अहवाल फोनवर यायचा. या वेळी त्यात सीएमव्ही नावाचा विषाणू वाढलेला दिसला. मॅडमनी फोनवर गोळ्या सांगितल्या, दर आठवड्याला रक्त पाठवायला सांगितलं, आणि ताप आला, दम लागला किंवा जुलाब झाले तर तडक निघून या म्हणाल्या. अविराजनं हे मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीचाच होता. "ताई, नवीन भाडेकरू आलाय. भाडं देत न्हाय."

मी विचारलं, "तात्या काय म्हणाले?"

"काय न्हाय. 'व्हायरस?' एवढंच म्हणले आणि गेले मिरचीत."

दोन दिवसांनी तात्यांचा मला फोन आला. तात्या फोन करत नाहीत. आई लावून देते आणि ते "बरं हाय ना" म्हणून तिच्याकडं देतात. या वेळी त्यांनी स्वतः लावला होता.

"निके, समरचं जावळ येत्या गुरवारी उरकू. महिपती न्हाव्याला सांगितलंय. पोराला घेऊन ये."

मला वाटलं चुकून दुसऱ्याच घरी फोन लागलाय. "कुणाच्या मांडीवर?"

"आव्याच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"जाळीच्या आत? समरला?"

"व्हय," म्हणाले आणि फोन ठेवला.

सासूबाई दारातून ऐकत होत्या. त्यांनी लगेच नारळ काढला. "बग, तुज्या वडलांना तरी रीत कळती." समर अंगणात खेळत होता, आणि त्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून अंगणवाडीची ताजी सर्दी ओघळत होती.

ज्या माणसानं सख्ख्या बहिणीला दुधात हात बुडवायला लावले, तो शेंबड्या पोराला अविराजच्या मांडीवर बसवायला निघाला होता, आणि तेही नेमका अहवाल बिघडल्यावर. मी समरला सासूबाईंकडं ठेवलं आणि सूरजच्या गाडीवर बसून काटेवाडी गाठली.

तात्या पॉलिहाउसात होते. मी पाय बुडवले, एक दार लावलं, दुसरं उघडलं. ते एका ओळीत खाली बसले होते. समोरच्या झाडाची पानं चुरडलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची. त्यांनी झाड बुडापासून धरलं, हळू उपटलं आणि एक पानही शेजारच्या झाडाला न लावता प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. पिशवीचं तोंड आवळून गाठ मारली.

"तात्या, समरला सर्दी झालीय. त्याला आत न्यायचं न्हाय. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर काय बी सांगत्यात."

"तुमीच तर जाळी लावली!"

"मग आता काढू. जावळ होऊ दे गुरवारी."

"का पण? एवढी घाई कशाची?"

तात्या उठले. पिशवी हातात होती. त्यांचा आवाज चढला आणि मधेच बसला. "कशाची म्हंजे? मी गेली किती वर्षं मिरची करतोय? बुरशी आली, फवारलं. अळी आली, फवारलं. व्हायरस आल्यावर काय करतो मी, बगितलंयस ना तू?"

मी पिशवीकडं बघितलं.

"व्हायरसला औषध न्हाय, निके. मी सगळ्यांना ह्येच सांगत आलोय. आव्यानं कवाधरनं भाच्याला मांडीवर घ्यायचं म्हणून धरलंय. निदान त्ये तरी..." आणि ते पिशवी घेऊन दाराकडं चालायला लागले. चालता चालता पहिलं दार उघडलं, ते लावायच्या आधी दुसरं उघडलं, आणि दोन्ही दारं तशीच उघडी टाकून बाहेर गेले.

ती दारं बघून मला रडू आलं. मी दोन्ही नीट लावली आणि त्यांच्या मागं धावले.

पिशवी त्यांच्या हातातून काढून बांधावर ठेवली. दंडाला धरून त्यांना पडवीपाशी आणलं. आत अविराज खुर्चीत बसून पाय हलवत होता. हातांची कातडी अजून सोललेली, ओठांवर मलम.

"अव्या," मी म्हणाले, "तात्यांना वाटतंय, तुझ्या व्हायरसला औषध न्हाय."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. "आयला! म्हणून जावळाची घाई! तात्या, मला उपटून पिशवीत घालायचं ठरवलं व्हतं का तुमी?"

"गप बस," तात्या म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"खत तरी नीट घाला की आधी!"

"आव्या, मुस्काट फोडीन."

"आत यावं लागंल त्यासाठी. पाय बुडवून."

मग तो उठला, टेबलावरचं गोळ्यांचं खोकं उचललं आणि जाळीला चिकटवून धरलं. "ह्ये बघा. ह्या विषाणूवरची गोळी. माणसाच्या ह्या व्हायरसला औषध हाय, तात्या."

तात्यांनी चष्मा वर केला. जाळीतून खोक्यावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. चष्मा पुन्हा खाली केला. मग म्हणाले, "मग मिरचीला का न्हाय?"

"मिरचीनं कवा रक्त तपासलंय?"

"आलाय कुठनं पण ह्यो? रंगूच्या मिशरीनं ना?"

"आत्याचं नाव नका घेऊ. माझ्यातच व्हता म्हणं, ल्हानपणापासनं. लय जणांच्यात असतो, झोपून राहतो. ताईचा बंदोबस्त ढिला केला औषधांनी, म्हणून हा उठला."

"बरा व्हशील का मग?"

अविराजनं खोकं खाली घेतलं. तो थट्टा करील असं मला वाटलं होतं. "शंभर टक्के कोण सांगतंय, तात्या. मॅडम म्हणल्या, वेळेवर सापडलाय. गोळी बहुतेकांना लागू पडती. आकडा उतरतोय का बघायचं. पण त्यात समरची सर्दी आणून घातली तर मग अवघड."

तात्यांनी मान हलवली. खिशातून फोन काढला आणि महिपती न्हाव्याला लावला. "गुरवारचं ऱ्हाऊ दे. न्हाय, न्हाय, सगळी बरी हाईत. पोराला सर्दी हाय."

ते पुढचे आठवडे मोठे विचित्र गेले. पहिल्या तपासणीत विषाणूचा आकडा जरासा चढलाच. तात्या जेवले नाहीत. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला असं होतं, धीर धरा. पुढच्या वेळी उतरला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. पण गोळीनं पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून मध्येच डोस बदलावा लागला, आणि त्या दिवशी मी कळंबमध्ये पोळ्या करता करता दोन करपवल्या. सासूबाईंनी त्या म्हशीपुढं टाकल्या. रात्री त्यांनी समरची वेणी घातली. सहज. केस डोळ्यांत येत होते म्हणून. "जावळाचं ऱ्हाऊ दे. उगा वस्तऱ्यानं कवळी कातडी वरबडती," एवढंच म्हणाल्या.

शेवटी एका अहवालात तो विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. जीव्हीएचडी आहेच. गोळ्या, मलम, जाळी सगळं अजून चालू आहे. माझ्या पेशींचा आणि त्याच्या कातडीचा समेट व्हायचाय. मॅडम म्हणतात, वेळ लागेल.

समरचा तिसरा वाढदिवस दोन-तीन आठवड्यांवर आला तेव्हा रंगूआत्या पुन्हा सुप्याहून आल्या. या वेळी शेंगा आणि शिवाय तक्रार. मीही समरला घेऊन गेले होते. सर्दी नव्हती, पण तो जाळीच्या बाहेरच. आत्यांनी न सांगता साबणानं हात धुतले आणि सगळ्यांना ते दाखवले.

मग समरच्या दोन वेण्यांकडं बघून कपाळाला हात लावला. "कुंडलिका, पोराच्या दोन येण्या झाल्या! तिसरं संपत आलं की. आता कवा काढायचं जावळ? का नातीचं लगीनच लावतुस?"

सासूबाई तिथं असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं. मी तात्यांकडं बघितलं. ते पडवीच्या पायरीवर बसून जाळीचा सुटलेला कोपरा शिवत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"पाचव्यात काढू."

"पाचव्यात! म्हंजे अजून..."

"पाचव्यात काढू म्हणलं ना. आव्याच्या मांडीवर. घाई कुणाला हाय?"

माणसानं सहज वर्ष-दोन वर्षं पुढचं बोलावं तसं ते बोलले आणि सुईत पुन्हा दोरा ओवायला लागले. दोरा काही केल्या ओवला जाईना. मी सुई घेतली, ओवून दिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मग आठवण झाल्यासारखा त्यांनी खिशात हात घातला आणि बारामतीच्या बाजारातून आणलेलं एक पाकीट काढलं. आत रंगीबेरंगी केसांची रबरं होती, मूठभर. मिरचीसारखी लाल आणि पिवळीच जास्त.

"ह्ये घे. डोळ्यांत केस जात्यात त्याच्या. पाचव्यापर्यंत पुरत्याल."

समरनं पाकीट हिसकावून घेतलं आणि ते फडकवत जाळीकडं पळाला. आतून अविराजनं आपल्या डोक्यावर हात फिरवला. तिथं नवीन केस आले होते, बोटभर, आणि थेट माझ्यासारखे कुरळे. मी ते आत्ता पहिल्यांदाच बघत होते.

"तात्या," तो ओरडला, "त्यातली चार मला ठेवा. पाचव्यापर्यंत माझी बी येणी व्हईल!"